खुंटाला बांधलेली होडी

नाही, मागे वळू नका. वळलात की तोल जातो, आणि तोल गेला की दोघंही पाण्यात — समोर बघा, सयाजीराव, तिवरांवर ती बगळ्यांची रांग बसलीये ना, तिच्याकडे बघत राहा. बोलायचं असेल तर समोर बघूनच बोला, मला ऐकू येतं. सुकाणू माझ्या पायाशी आहे, वल्हं मी मारतेय, तुम्हाला काहीच करायचं नाहीये. तुमचं वल्हं मांडीवर आडवं ठेवा. इतकं आवळून धरू नका, खांदे कानापर्यंत आलेत तुमचे. — हो, हलते. कयाक हलणारच, इतकी अरुंद होडी ती, काही डंपर नाही. डंपरमध्ये कसं, उंच बसायचं, खाली माणूस आहे की चिखल ते दिसत नाही. इथे पाण्याच्या वर आपण वीतभर आहोत फक्त. तुमच्या कमरेभोवती तो काळा रबरी पडदा ताणून बसवलाय ना, तो पाणी आत येऊ नये म्हणून. घट्ट वाटतो? घट्टच असतो. त्याच्याबद्दल एक सांगायचं आहे, सांगेन मग. — किनाऱ्यावर मी लोकांना अर्धा तास शिकवते आणि मगच पाण्यात उतरवते. कॅनडात चार उन्हाळे हेच काम केलं, एकदाही हा नियम चुकवला नाही. तुम्हाला नाही शिकवलं. तुम्हाला घाई होती ना.

गाव? गाव डाव्या हाताला राहिलं. जाऊ ना गावात. आधी एक जागा दाखवायची आहे तुम्हाला. — अहो, रस्त्याने नको असं तुम्हीच म्हणालात. काल संध्याकाळी तुम्ही आमच्या सोसायटीत वॉचमनच्या खुर्चीत दीड तास बसून राहिलात, आईने वरून तुम्हाला पाणी पाठवलं, कोण आहात ते तिला माहीत नव्हतं म्हणून — आणि मी आल्यावर हात जोडलेत. ताई, तुम्ही सांगा त्यांना, म्हणालात. शिरवण्यातल्या तुमच्या खोलीच्या कडीला तीन दिवस कोणीतरी दोराचा तुकडा बांधून जातंय, ओला, चिखलाचा वास येणारा. बाजारात तुम्ही गेलात की कोळणी टोपल्या झाकून घेतात. नाक्यावर चौघांनी स्कूटर अडवली, एक शब्द बोलले नाहीत, किल्ली काढून घेतली आणि परत तुमच्याच हातात ठेवली. मारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. साइटवर चाळीस माणसं सांभाळता तुम्ही, मारामारी तुम्हाला कळते. हे नाही कळलं. मग कोणीतरी सांगितलं — चांगदेवला मारलं त्याचं पोलीस बघतील, पण त्याची होडी सोडली, त्याला गाव माफ करणार नाही. आणि तुम्ही धावत माझ्याकडे, की होडी आम्ही सोडली नाही. आईची शपथ घेऊन. — हो, ऐकलं मी. कालपासून पाचव्यांदा ऐकतेय.

तुम्हाला हसू आलं असेल ना आधी? माणूस गेला ते राहू दे आणि होडीचं काय घेऊन बसलेत. मलाही आलं होतं, दोन वर्षांपूर्वी. मी नुकती परत आले होते — बेलापूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली मुलगी, वडील कोकण भवनात हेडक्लार्क, मला पाठवलं समुद्रविज्ञान शिकायला आणि मी परत आले ती कयाक कशी चालवायची ते शिकून. वडील अजून नीट बोलत नाहीत. महाप्याला एका शेडमध्ये पाण्याच्या टाक्या बनवतात फायबरच्या, त्या मालकाला चित्रं काढून दाखवली, त्याने टाक्या ठेवल्या बाजूला आणि मला चार कयाक करून दिल्या. वल्ह्यांची पातीसुद्धा त्यानेच केली. चांगली झालीत, जरा कड धारदार आहे इतकंच. मला वाटायचं, लोकांना या तिवरांमधून नेलं, एक दिवस इथे राहायला लावलं, चूल मांडून, चिखलात पाय घालून, की मग त्यांच्यादेखत इथे कोणी एक ट्रक भराव टाकू शकणार नाही. खरंच वाटायचं. अजूनही — जाऊ दे. तर खाडी कोण शिकवणार? मी कोळीवाड्यात गेले आणि चांगदेवकाकांनी मला होडीत घेतलं. काहीच विचारलं नाही. पोहता येतं का, एवढंच. आणि पहिल्याच दिवशी दाखवलं — मुख्य खाडीच्या कडेला हे खुंट उभे असतात ना, जाळी बांधायचे, एकेका घराचे, बापापासून मुलाकडे आलेले. म्हणाले, बाय, खुंटाला बांदलेली होरी कोन सोरत नाय. वैऱ्याची आसली तरी. पोलीस आला, तुफान आला तरी नाय. का, म्हटलं मी. तर म्हणाले, मानूस पान्यात हाय, त्याला वाटतंय आपली होरी तितं हाय. तो त्या भरवशावर जगतोय. सोरली तर त्याला मारल्यागत.

हसले मी तेव्हा. म्हटलं, काका, आमच्याकडे याच्या अगदी उलट शिकवतात.

कॅनडात म्हणजे. तिथे पश्चिमेचा किनारा बघितला नाहीत तुम्ही, कसा बघणार — पाण्यापर्यंत आलेलं जंगल, इतका पाऊस की झाडांच्या अंगावर शेवाळाची गोधडी, देवदारासारखी झाडं, एकेकाला मिठी मारायला सात माणसं लागतील. रस्ता नाही, घर नाही. दिवसभर कयाक चालवायची आणि दुपारी एखाद्या पुळणीवर उतरून तंबू ठोकायचे. आणि तिथे गाइडचं पहिलं काम, चहाच्याही आधी — सगळ्या होड्या भरतीच्या रेषेच्या वर ओढायच्या आणि झाडाला बांधायच्या. स्वतःच्या हाताने. कोणाच्या गाठीवर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात मी ठेवला, दुसऱ्याच्या गाठीवर, आणि उधाणाच्या भरतीने सहा कयाक नेल्या. दोन दिवस आम्ही चौदा माणसं त्या किनाऱ्यावर अडकलो, त्यातल्या एकाला मधुमेह, त्याचं औषध वाहून गेलेल्या कयाकमध्ये. वाचला तो. पण आमची मुख्य गाइड होती, साठीची बाई, तिने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. तिथे असं कोणी कोणाला मारत नाही, सयाजीराव. मला अजून तो गाल आठवतो. तेव्हापासून माझे हात आपोआप जातात दोराकडे. मी विचार करत नाही, हातच जातात.

हां, पाणी ओसरायला लागलं बघा. सातला भरती पूर्ण होती, आता ओहोटी आपल्याला ओढून नेतेय, म्हणून मी इतकं हळू वल्हवतेय. तिवरांची मुळं वर येतील आता, बोटांसारखी. तो बांध दिसतोय उजवीकडे, जुन्या मिठागराचा? ओळखलात. ओळखणारच. या बाजूने कधी बघितला नव्हता ना. त्याच्यावर आमचा कॅम्प होता. तीन आठवडे झाले, आज चौथा रविवार.

— नाही, तुमची बाजू नको आता. तुम्ही कामावरचा माणूस, वरून सांगितलं की जागा मोकळी करायची, तुम्ही केलीत, मालक मुंबईत, तुमचं खटाव तालुक्यात घर, गावाला पाणी टँकरने येतं, मुलगी नववीत. सगळं सांगितलंत काल. मी विसरले नाही. मी आता माझं सांगतेय आणि तुम्हाला उठून जाता येत नाहीये, म्हणून ऐका.

शनिवारी दुपारी भरतीला आम्ही आलो. सहा गिऱ्हाईकं, तीन जोडीच्या कयाक, माझी एकटीची एक, आणि चांगदेवकाकांची होडी सामानाची — तंबू, पाण्याचे कॅन, भांडी. त्यांनी सामान बांधावर उतरवलं, होडी परत नेऊन आपल्या खुंटाला बांधली आणि चालत आले, कमरेभर पाण्यातून. कॅम्पपासून खुंट ऐंशी पावलं. मध्ये तिवरांची झालर आहे, म्हणून कॅम्पवरून खुंट दिसत नाही, बांधाच्या टोकाला गेलं तरच दिसतो. त्या ऐंशी पावलांत कुठे कडक आहे आणि कुठे माणूस मांडीपर्यंत जाईल ते त्यांना पायाला माहीत होतं. मग म्हणाले, बाय, आज नातीचं बारसं हाय, मी बांधाबांधानं घरी जातो, सकाळी भाकऱ्या घेऊन येतो. गेले. आणि सकाळी आले, नऊच्या सुमाराला, कापडात बांधलेल्या पंधरा तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी घेऊन. आणि त्यांच्या मागून, त्याच बांधावरून, तुमचे दोन डंपर.

तुम्ही पहिल्या डंपरच्या पायरीवर उभे होतात. निळा स्वेटर. हातात पहार होती, ती कशाला होती मला अजून कळलेलं नाही, भराव टाकायला पहार लागत नाही. पाच मिनिटांत खाली करा, म्हणालात. गीतांजली म्हणून एक बाई होत्या आमच्यात, महाप्याला कॉम्प्युटरमध्ये आहेत, त्या म्हणाल्या परवानगीचा कागद दाखवा, तर तुम्ही पहार माझ्या कयाकमध्ये घातलीत. माझ्या एकटीच्या. तीन घाव. पहिल्याने तडा गेला, दुसऱ्याने आरपार, तिसरा — तिसरा कशाला मारलात? ती मेली होती. तिसरा मजेचा होता. मी बघितलं तुमच्या तोंडाकडे. आणि काका पुढे झाले. भाकऱ्या हातातच. ते तुम्हाला काही शिवीबिवी देत नव्हते, ते म्हणत होते, सायेब, ही तिवरं तोरू नका, इतं कोलंबी अंडी घालते. समजावत होते तुम्हाला. त्यांना वाटलं तुम्हाला माहीत नाही म्हणून करताय. पहार त्यांच्या खांद्यावर बसली. भाकऱ्या चाकाखाली. मला तो आवाज — हाडाचा आवाज सुक्या बांबूसारखा येतो. तुमच्या लक्षात आहे का? नाही. मारणाऱ्याला नसतो ऐकू येत बहुतेक.

सरळ बसा. रडू नका, रडताना माणूस हलतो.

मी तुमच्या मानेकडे बघतेय मघापासून. केस कापलेत नुकतेच, मानेवर पांढरी रेघ आहे. हे वल्ह्याचं पातं मी तिथे घालू शकते. एकदाच, आडवं, आणि काही आवाजसुद्धा होणार नाही. तीन आठवडे मी अंघोळ करताना, चहा पिताना हेच करतेय, रोज तुम्हाला मारतेय, वेगवेगळ्या तऱ्हेने. मी अशी नव्हते. मी परत आले ती — लोकांना खाडी दाखवायला आले होते हो मी.

काका पळाले. माणसं हसली तुमची, म्हातारा चिखलात पळतोय म्हणून. पण ते घाबरून पळाले नव्हते, ते होडीकडे निघाले होते. होडीतून गावात जायचं, माणसं आणायची, ओहोटी आहे तोवर डंपर बांधावरच आहेत — मला कळलं ते, मी त्यांच्यासारखा विचार करायला शिकले होते. एक हात लोंबतोय, आणि तरी बरोब्बर कडक जागेवर पाय टाकत गेले, ऐंशी पावलं. तिवरांच्या पलीकडे पोचले. आणि होडी नाही. खुंट आहे, होडी नाही. मी बांधाच्या टोकाला धावले तेव्हा ते मला दिसले — गुडघाभर पाण्यात उभे, खुंटाला एका हाताने धरलेलं, आणि इकडे-तिकडे बघताहेत. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. गोंधळ होता. सकाळी उठून घराचं दार जागेवर नसावं तसा.

मग तुमची माणसंही टोकाला आली, तिथून खुंट दगडाच्या टप्प्यात; चिखलात उतरायला गेली आणि दोन पावलांत मांडीपर्यंत रुतली. म्हणून दगड. डंपरमध्ये होताच माल — विटांचे तुकडे, कोणाच्या तरी बाथरूमच्या गुलाबी टाइल्स, काँक्रीटची ढेकळं. कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीने मारलंत तुम्ही त्यांना. आणि तुम्हाला एक सांगू? तुम्ही त्या वेळी जे बघितलंत ते तुम्हाला समजलंच नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दातांनी आणि एका हाताने मनगटाला गुंडाळला, खुंटाला गाठ मारली. आणि ओरडले — बांदलंय मी, बांदलंय. तुमचा तो लांब केसांचा माणूस म्हणाला, म्हातारा येडा झाला, स्वतःलाच बांधून घेतलं. हसलात तुम्ही सगळे. अहो, ते तुम्हाला कायदा सांगत होते. या खाडीत त्याहून मोठा कायदा नाही. होडी नाही तर मीच होडी, मी खुंटाला बांधलेला आहे, आता मला कोणी हात लावायचा नाही. वैरी असलात तरी. त्यांना वाटलं आता वाचलो. आणि तुम्हाला वाटलं, बरं झालं, आता नेम चुकणार नाही.

गुलाबी टाइलचा तुकडा. इथे, कानाच्या वर. मान खाली पडली. आणि भरती सुरू झालेली होती अर्ध्या तासापूर्वी.

मी काय केलं? विचाराच. मी सहा माणसं गोळा केली. गिऱ्हाईक आधी, हा नियम. बांधाच्या मागे खाडीचा एक फाटा आहे, अरुंद, तिथे कयाक उतरवल्या, पण ओहोटीचं पाणी, नुसता चिखल, त्या तिन्ही कयाक पाणी येईपर्यंत धरून उभं राहायचं. मागे तुमचा जेसीबी आल्यासारखा आवाज, समोर चिखल. कयाकला काय, चार बोटं पाणी पुरतं, त्या आधी तरंगल्या. पार्थ म्हणून एक मुलगा तिसऱ्यांदा आलेला, त्याला म्हटलं तू पुढे हो, धक्क्यापर्यंत ने यांना. ते गेले. आणि मी होडी ढकलायला लागले. काकांची होडी जड, सागाची, तळ चिखलाला चिकटलेला, पाणी बोटबोट चढतंय — तुम्हाला कळतंय का, मला होडी तरंगायला पाणी हवं होतं, मी म्हणत होते ये, लवकर ये, चढ, आणि पलीकडे तेच पाणी त्यांच्या छातीशी, गळ्याशी — मी ज्याला बोलावत होते तेच — वीस मिनिटं. वीस मिनिटांनी ती उचलली गेली. मी फाट्यातून बाहेर वळसा घालून आले तेव्हा खुंटाचं फक्त टोक वर होतं. चाकूने रुमाल कापला मी. गाठ नाही सुटली, गाठ अजून —

काय?

काय म्हणालात?

— फाट्यात. हो. फाट्यात म्हणाले मी.

समोर बघा. मी सांगितलं ना वळू नका.

हो, होडी फाट्यात होती. बांधाच्या मागे, तिवराच्या खोडाला बांधलेली, खुल्या खाडीची ओढ लागणार नाही इतकी आत, दोन गाठी, दुसरी पहिलीवर. सुंदर गाठ. कॅनडात त्या गाठीला शाबासकी मिळते. मीच बांधली होती. शनिवारी दुपारी काका बारशाला गेले, मी तंबू ठोकले, आणि मग बघितलं — उधाणाचे दिवस, होडी खुल्या खाडीत एका खुंटाला, एका दोरावर. आणि हात गेले. मला त्यांचं वाक्य आठवत होतं, सयाजीराव. विसरले असते तर बरं झालं असतं. आठवत होतं आणि मी मनात म्हटलं, ते यांचं जुनं आहे, गोड आहे, पण मला जास्त कळतं. पोहत गेले, दोर सोडला, होडी आणली, बांधली. वाटलं, सकाळी काका आले की सांगेन, बघा, किती नीट ठेवलीये. ते आले तेव्हा सांगायला वेळ — नाही, वेळ होता. ते पळाले तेव्हा एक हाक मारायची होती. काका, होडी मागे आहे. चार शब्द. माझं तोंड उघडलंच नाही. तुमची पहार माझ्याकडे वळलेली होती आणि माझं तोंड उघडलं नाही.

आणि मग गावाने ठरवलं की होडी तुम्ही सोडलीत. मी ती परत धक्क्याला आणली, त्यांना वाटलं मला ती वाहत जाताना सापडली. शांतीकाकींनी, काकांच्या बायकोने, माझे हात हातात घेतले. त्यांच्या मालकाला बाहेर काढलं म्हणून. पोलिसांच्या कागदावर तोल जाऊन बुडाले असं आहे, माझा जबाब मंगळवारी आहे, आणि तो मी लिहूनसुद्धा ठेवलाय, चार पानं. त्यात पहार आहे, टाइल आहे, तुमचा स्वेटर आहे. होडी नाही. कारण तुम्ही मेलात तर तो प्रश्नच कोणी विचारणार नव्हतं. कळलं आता? म्हणून तुम्ही या कयाकमध्ये आहात. काल तुम्ही खुर्चीतून उठलात आणि म्हणालात होडी आम्ही सोडली नाही, आणि मला वाटलं, हा माणूस हे बोलत फिरतोय, आणि हे खरं आहे, आणि एक दिवस कोणीतरी याच्यावर विश्वास ठेवेल.

तो पडदा. त्याच्या पुढच्या टोकाला एक लाल पट्टी असते. कयाक उलटली की ती ओढायची, पडदा सुटतो, माणूस बाहेर येतो. लहान मुलालाही जमतं. पट्टी नेहमी बाहेर ठेवायची, निघायच्या आधी दोनदा तपासायची. तुमची आत आहे. सकाळी मी पडदा बसवला तेव्हा आत सारली. तुम्ही मला थँक्यू म्हणालात. मी आता नुसती उजवीकडे झुकले — एवढीच, अशी — शांत. शांत बसा. झुकले नाही. दाखवलं फक्त.

तुम्हाला माहीत नव्हतं. कोरड्या गावचे तुम्ही, खुंट म्हणजे काय, बांधलेलं म्हणजे काय, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही एका म्हाताऱ्याला दगडांनी मारलंत आणि त्याचं तुम्हाला भरायला लागेल, मंगळवारी मी चारही पानं वाचणार आहे. पण कायदा तुम्ही नाही मोडला. मला माहीत होतं आणि मी मोडला.

आलो. पुढे हात करा, धरा तो खुंट. घट्ट धरा, शिंपले लागतील, लागू द्या. ती वरची गाठ बघितलीत? उडालेला रंग आहे, तो रुमाल. कोणी सोडणार नाही ती, कुजून पडेल तेव्हा पडेल. — मागे नका बघू, मला दिसतेय ती होडी. शांतीकाकी आहेत. मीच बोलावलं. नऊ वाजता खुंटापाशी या म्हटलं, तुमच्या मालकाला मारणारा माणूस तुम्हाला आणून देते. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाटीत मासे कापायचा कोयता असतो त्यांच्या, नेहमीच असतो. दुपारी एकला पाणी थांबलं की बाकीचेही येतील जाळी उचलायला.

हा दोर. बघा, मी कयाक बांधतेय. त्यांच्या गाठीच्या खाली, साधी गाठ, काका मारायचे तशी. झालं. आता तुम्ही खुंटाला बांधलेले आहात. तुम्हाला कोणी हात लावणार नाही. — खात्री? त्यांनाही होती.

आता उजवा हात खाली घ्या, मांडीच्या बाजूला. पडद्याची कड लागेल. तिच्या खाली बोटं घाला, अंगठा नको, बोटं, आणि जोराने वर उचला. अजून जोराने. — हां. सुटला. त्याला तो आवाज येतोच. घ्या श्वास.

मी काकींच्या होडीत जातेय. होडी कोणी सोडली ते त्यांना सांगते, आधी ते, मग बाकीचं. त्या मला काय करतील ते तुम्ही बघू नका, समोर बघा, बगळ्यांकडे. भरती संध्याकाळी सातला. गाठीला हात लावायचा नाही.

काकी, जरा बाजूला घ्या. मीच येते.